शॉकपवरचा आळ

सेलूच्या मोंढ्यात कोणी जुनी बुलेट उभी करून, पुढचा ब्रेक आवळून, हँडलवर भार देत तिला दोनदा खाली-वर केलं की डॉक्टर जमायला वेळ लागत नाही. हातात चहाचा ग्लास असलेला एक, सरकीच्या पोत्याला टेकलेला दुसरा आणि सायकलपलीकडे वाहनाशी ज्याचा कधी संबंध आला नाही असा तिसरा. तिघांचं निदान एकच: "शॉकप गेले." ग्रामसभेत कधी न होणारं एकमत इथे क्षणात होतं. गाडी कितव्या सालची, दोष कधी जाणवतो, रिकाम्या गाडीला की डबलसीटला, हे विचारायच्या आत इलाज सांगून झालेला असतो. या निदानाला आधार काय, तर ब्रेक मारला की गाडी पुढून खाली बसते. ब्रेक मारल्यावर पुढून खाली बसणं हा आजार मानायचा, तर मे महिन्यात घाम येणाऱ्या प्रत्येक सेलूकराला दवाखान्यात भरती करावं लागेल. जुन्या मोटारसायकलींच्या पुढच्या शॉकपवर आपल्याकडे जे आळ येतात, त्यांतले निम्म्याहून जास्त खोटे असतात. खरे गुन्हेगार तिथेच हातभर अंतरावर बसलेले असतात आणि वर्षानुवर्षं सुटतात. ते सापडत नाहीत, कारण त्यांना उघडं पाडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जोराचा पुढचा ब्रेक. आणि तो तर आपण मारतच नाही.

आधी त्या खाली बसण्याचा हिशेब करू. एसटीने कचकन ब्रेक मारला की उभे प्रवासी ड्रायव्हरच्या दिशेने धावतात आणि बसलेले पुढच्या सीटच्या दांडीवर आपटतात. मोटारसायकलवर नियम तोच, फक्त धरायला दांडी नसते. साडेतीनशेची बुलेट आणि तिच्यावर दोन भरल्या अंगाची माणसं, असं सगळं मिळून ३०० किलो धरा. दोन चाकांमधलं अंतर १३७० मिलिमीटर. या सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण ६५० मिलिमीटरवर आहे असं मानू. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ब्रेक लागला, तर मागच्या चाकावरचं सुमारे ७० किलो वजन उठून पुढच्या चाकावर येतं. सत्तर किलो म्हणजे एक अख्खा माणूस. पोलिसांना न दिसणारा, ज्याची ट्रिपलसीटची पावती फाडता येत नाही असा तिसरा माणूस ब्रेक लागताच थेट पुढच्या चाकावर येऊन बसतो. स्प्रिंग दबणार नाही तर काय करणार? ती त्याचसाठी तिथे आहे. गंमत अशी की ज्या बुलेटचा पुढचा भाग कितीही ब्रेक मारला तरी जागचा हलत नाही, तिच्या मालकाची मात्र वाहवा होते. "काय टाईट ठेवलीय गाडी!" प्रत्यक्षात त्या गाडीच्या शॉकपचे दोन्ही रॉड एकमेकांशी तिरके होऊन बॉटममध्ये, म्हणजे खालच्या नळ्यांमध्ये, अडकलेले असतात. म्हणजे निरोगी शॉकपला रोगी ठरवायचं आणि लकवा झालेल्याला पैलवान म्हणायचं, अशी ही आपली तपासणी.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण छाती काढून म्हणतो. मोटारसायकलीच्या पुढच्या शॉकपच्या बाबतीत ही म्हण कधी नव्हे ती शब्दशः खरी आहे, कारण तेलाने आवर घातलेला टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे आपला शॉकप, विक्रीच्या गाडीवर पहिल्यांदा आणला तो जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांवर. आणि तो किती टिकतो हे पाहायला परभणी जिल्ह्यातल्या रस्त्यांहून कडक परीक्षक शोधून सापडायचा नाही. त्या जर्मनांनाही ब्रेक मारल्यावर पुढून बसणारी ही डुबकी खटकत होती. म्हणून १९५५ मध्ये त्यांनी टेलिस्कोपिक फोर्क काढून टाकला आणि अर्ल्स नावाच्या इंग्रज माणसाची रचना उचलली. त्यात पुढचं चाक लांब आडव्या हातांवर झुलतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी खाली बसण्याऐवजी उलट किंचित उचलली जाते. आपल्याकडे दुधाच्या कॅन वाहून म्हातारी झालेली राजदूत अनेकांना आठवत असेल. पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून घेतलेल्या त्या गाडीच्या सुरुवातीच्या नमुन्यांना याच जातीचा फोर्क होता. ब्रेक मारल्यावर नाक वर करणारी गाडी ज्यांनी चालवली, त्यांना नंतरची प्रत्येक गाडी बिघडलेली वाटली तर नवल नाही. पण बीएमडब्ल्यूने १९६९ मध्ये तो नाद सोडला आणि ती पुन्हा टेलिस्कोपिकवर आली. १९८० च्या दशकात जपान्यांनी डुबकी रोखणाऱ्या झडपा फोर्कवर बसवल्या, जाहिराती केल्या आणि दशक संपेपर्यंत गुपचूप काढूनही टाकल्या. फोर्क खाली बसायचा थांबला की रस्त्यावरचे खड्डे गिळायचाही थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. बीएमडब्ल्यूने १९९३ मध्ये टेलिलिव्हर आणून पुन्हा तोच डाव मांडला. जर्मन माणूस हट्ट सोडत नाही, त्या बाबतीत त्याचं परभणीशी जमतं. बाकी जगाने मात्र डुबकीशी कधीच जमवून घेतलंय. आज आपल्या मराठवाड्यातच, वाळूजला, एन्ड्युरन्ससारख्या कारखान्यात हे फोर्क तयार होतात आणि तेही ब्रेक मारल्यावर खालीच बसतात.

तर डुबकीला निर्दोष सोडून देऊ आणि त्या भीतीकडे येऊ, जिच्यामुळे तपासच होत नाही. "पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील" हे वाक्य आपल्याकडे लेकरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. हे वाक्य पूर्ण खोटं नाही, फक्त त्याचा पत्ता चुकलाय. ते सायकलसाठी आहे. सायकलवर बसलेल्या माणसाच्या वजनाचा मध्य जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असतो आणि दोन चाकांतलं अंतर बेताचं, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाच्या साठ टक्के जोराने पुढचा ब्रेक लागला तरी स्वार हँडलवरून पुढे उडू शकतो. तो अनुभव बहुतेकांनी बालपणी गुडघ्यावर कोरून घेतलेला असतो. पण बुलेट लांब आहे, बसकी आहे आणि जड आहे. तिचं मागचं चाक उचलायचं तर गुरुत्वाकर्षणाहूनही जास्त जोराने ब्रेक लागायला हवा. जुन्या ड्रमकडून तेवढी अपेक्षा करणं म्हणजे त्या ड्रमची थट्टा आहे. आणि चुकून लागलाच, तरी रस्ता तेवढी पकड देणार नाही. मोटारसायकलवाले पुढच्या ब्रेकने पडतात ते उलटून नाही, तर वळणावर किंवा वाळूवर चाक लॉक होऊन आडवे पडतात. ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याला उपाय ब्रेक न मारणं हा नसून सरळ रेषेत, हळूहळू दाब वाढवत मारणं हा आहे. उलट वजन पुढे गेल्यावर मागचं चाक हलकं होतं, म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला की ते चटकन लॉक होऊन घसरतं. त्यातून जुन्या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या पायाला. स्प्लेंडर चालवून आलेला माणूस घाबरून उजवा पाय खाली दाबतो, आणि त्या गिअरबॉक्समध्ये पहिला वर व बाकीचे खाली असल्याने गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये जाते. अशा वेळी तुमचा एकच विश्वासू मित्र उरतो, तो उजव्या हातात असतो, आणि त्याच्याशीच आपण आयुष्यभर बोलत नाही.

याचा परिणाम असा होतो की जुन्या गाडीचा पुढचा भाग दहा-दहा वर्षं कोणी विचारलेलाच नसतो. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग, ढिला झाला, ब्रेक प्लेटचा बोल्ट सैल झाला, बुश झिजले, ड्रम लंबगोल झाला, तरी काही कळत नाही, कारण या सगळ्यांना बोलतं करणारा ताण कधी येतच नाही. मग एके दिवशी वालूरच्या रस्त्याला ज्वारीतून म्हैस थेट डांबरावर येते. मालकाचा हात, डोक्याला न विचारता, पुढचा ब्रेक आवळतो, आणि दहा वर्षांचा साठलेला आवाज एकदम बाहेर पडतो: ठक्, खडखड, थरथर, आणि वर हँडल एका बाजूला ओढ घेतं. म्हैस निघून जाते, तिला काही झालेलं नसतं. मालक मात्र गाडी कडेला घेऊन, छातीवर हात ठेवून म्हणतो, आजच शॉकप गेले. आज काही गेलेलं नसतं. आज फक्त कळलं. सरकारला हे बहुतेक आधी कळलं असावं. कारण १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं. या छोट्या गाड्यांत पायाने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. ज्यांनी आयुष्यभर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, त्यांना आता तो पायाने मारावा लागतोय. जुन्या गाड्यांना अर्थात हा कायदा नाही. त्यांचे मालक अजून स्वतंत्र आहेत.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: "साहेब, तुम्ही शॉकपला निर्दोष म्हणता, पण आमचे रस्ते पाहिलेत का? इथे दगड टिकत नाही, शॉकप काय टिकणार?" रस्त्यांबद्दलची तक्रार शंभर टक्के मान्य. आपली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावरचं डांबर बिचारं वर्षातून दोनदा आपला आकार बदलतं. पण शॉकपला सगळ्यात जास्त मार खड्ड्यांचा बसत नाही, तो बसतो गतिरोधकाचा, आणि तोही गतिरोधकामुळे कमी, आपल्या सवयीमुळे जास्त. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, म्हणजे गाडी त्यावरून सावकाश चढून उतरेल. गावातल्या अपघातानंतर रात्रीतून उगवणाऱ्या गतिरोधकाने हे माप ऐकलेलं नसतं. तो फूटभर रुंद असतो आणि उंचीला त्याला कुणाची भीती नसते. आता आपला माणूस काय करतो ते पाहा. गतिरोधक शेवटच्या क्षणी दिसतो, मग तो ब्रेक मारतो, शॉकप वजनाने खाली दबतात, आणि ब्रेक तसाच धरून तो गतिरोधकावर चढतो. शॉकपची चार-सहा इंचांची जी काही हालचाल शिल्लक होती, ती ब्रेकनेच खाऊन टाकलेली असते. गतिरोधकासाठी काहीच उरलेलं नसतं. लोखंड लोखंडावर आपटतं, ठक्क. मालक म्हणतो, शॉकपमधून आवाज येतो. येणारच. गतिरोधकाच्या हातभर अलीकडे ब्रेक सोडून दिला, तर शॉकप वर येतात आणि तो आवाज बंद होतो. दुरुस्तीत याहून स्वस्त इलाज नाही, म्हणूनच तो कोणी सांगत नाही.

हे सगळं वजा करूनही जो आवाज उरतो तो खरा, आणि त्याचं मूळ शोधायला कान पुरत नाहीत, बोट लागतं. कारण पुढच्या भागातला प्रत्येक ठक् हा हँडलच्या दांडीतूनच हाताला कळतो. तो कुठून निघाला हे हाताला कळत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा आणि गाडी पुढे-मागे ढकलायची. हे दुसऱ्याला करायला लावून आपण खाली बसायचं. हँडलच्या मानेखाली, जिथे खालची टी, म्हणजे दोन्ही रॉड धरून ठेवणारा आडवा भाग, फ्रेमच्या नळीला भेटते, त्या फटीवर बोट ठेवायचं. तिथे हालचाल लागली की तो कोनसेट. बॉटमच्या वरच्या काठावर, जिथे रॉड आत जातो, तिथे बोटाला खेळ जाणवला की बुश. या दोन्ही जागा मुक्या असतील आणि आवाज चाकाच्या बाजूने येत असेल, तर ब्रेक प्लेट जिथे फोर्कच्या पायाला अडकवलेली असते तो बोल्ट बघायचा. ड्रम ब्रेक लागला की ब्रेक प्लेटही चाकासोबत फिरू पाहते, आणि तिला अडवून धरायचं काम त्या एका बोल्टाचं. तो अर्धा सूत सैल असला तरी जोराच्या ब्रेकला असा ठोका देतो की माणसाला वाटावं, फोर्कच तुटला. या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि एक मित्र लागतो. सेलूत मित्रांची वाण नाही. वाण आहे ती खाली बसायला तयार असलेल्या माणसाची. उभं राहून सल्ला देणारे पुष्कळ.

कोनसेट हा या सगळ्यातला सराईत आरोपी. तो ढिला असताना गाडी चालवत राहिलं की सगळ्या गोळ्या एकाच जागी, म्हणजे हँडल सरळ असतानाच्या जागी, आपटत राहतात आणि वाटीत खाचा पडतात. मग मधला स्टँड लावून, इंजिनाखाली विटा सारून पुढचं चाक उचललं आणि हँडल बोटाने हळूच डावीकडून उजवीकडे नेलं, की मध्ये आल्यावर ते टक् करून थांबतं. हा पुरावा इतका उघड आहे की वकील द्यायची गरज नाही. पण होतं काय, आवाज येतो म्हणून कोणीतरी कोनसेट आवळतो. खाचा तशाच राहतात, वर गोळ्या आवळल्या जातात, आणि हळू चालताना गाडी दारू प्यायल्यासारखी डुलायला लागते. ठक् गेला आणि झोकांडी आली. मग कुणीतरी म्हणतं, टायर बदला.

थरथरीचं निदान याहून सोपं आहे, पण ते चालत्या गाडीवर करावं लागतं, म्हणून धैर्य लागतं. साठच्या वेगावरून ब्रेक मारला आणि गाडी जसजशी मंदावत गेली तसतशी थरथरही मंदावत गेली, म्हणजे तिचा ताल चाकाच्या फेऱ्यांशी जुळला, तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या वस्तूत आहे: ड्रम लंबगोल झालाय, किंवा आऱ्या सैल पडून चाकाचा आउट वाढलाय. वेग साठचा असो की तीसचा, थरथरीचा ताल तोच राहिला, तर दोष न फिरणाऱ्या वस्तूत, म्हणजे कोनसेट किंवा बुशमध्ये. ड्रमच्या बाबतीत सेलूतही लेथ आहेत, चाकासकट ड्रमचं टर्निंग करून घेता येतं. मात्र आऱ्या आवळायच्या असतील तर त्या आधी आवळाव्यात आणि मग टर्निंग करावं, कारण आऱ्यांचा ताण बदलला की ड्रमचा आकारही केसाएवढा बदलतो. उलट क्रमाने केलं, तर पैसे दोनदा जातात. आणि ते दोनदा जातातच.

हँडल ओढ घेतं, याची कथा बहुधा एखाद्या जुन्या पडण्यात दडलेली असते. गाडी आडवी झाली, हँडल वाकडं झालं, तर आपल्याकडचा सर्वमान्य उपचार म्हणजे पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरायचं आणि हँडल पिरगाळून सरळ करायचं. हा उपचार रस्त्यावरून घरी येण्यापुरता ठीक, पण त्यानंतर कोणी काही करत नाही. टीचे बोल्ट सैल न करता पिळलेला फोर्क दिसायला सरळ होतो, आतून पिळलेलाच राहतो. दोन्ही रॉड आपापल्या बॉटममध्ये घासत, अडत, खाली जातात आणि वर यायला कंटाळा करतात. ब्रेक सोडल्यावर गाडी पूर्ण वर येत नाही, तेव्हा ही शंका घ्यावी. दोन्ही टी आणि एक्सलचे बोल्ट सैल करायचे, गाडी खाली उतरवून पुढचा ब्रेक न दाबता फोर्क दहा-बारा वेळा जोरात खाली दाबायचा, म्हणजे सगळे भाग आपापली जागा शोधतात, आणि मग खालून वर क्रमाने आवळायचं. रॉड वाकलेलाच असेल तर हा इलाज लागू पडत नाही. तो काढून आरशाच्या जाड काचेवर लोटून बघायचा. रॉडखालून उजेड दिसला की वाकलाय. "गरम करून सरळ करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून यावं. वाकून सरळ केलेला रॉड पुढच्या वेळी कुठे वाकायचं हे लक्षात ठेवतो.

राहिलं तेल, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. डुबकी जास्त वाटली की मिस्त्री जाड तेल भरतो. फोर्कचं मिळालं नाही तर इंजिनचं २०डब्ल्यू-५० सही. यामुळे गाडी खाली बसत नाही का? बसते, फक्त सावकाश बसते. तेल फक्त वेग ठरवतं. किती खाली जायचं ते स्प्रिंग ठरवते. म्हणून जाड तेलाची गाडी उभ्या उभ्या दाबून पाहिली की छान वाटते आणि लांब ब्रेक धरला की तितकीच खाली जाते, वर पुढच्या खड्ड्यासाठी वेळेवर परत येत नाही. तेल प्रमाणाबाहेर भरलं तर वरची हवा दबून कडक होते आणि ऑइल सील बाहेर फेकते; मग सील बदलतात. सील बदलूनही पुन्हा गळत असेल, तर नख घेऊन रॉडच्या चकाकणाऱ्या भागावरून फिरवावं. जिथे नख अडेल तिथे गंजाचा खळगा आहे, आणि प्रत्येक डुबकीला तो नव्या सीलची ओठपट्टी कापतो. दोष रॉडचा, शिक्षा सीलला. स्प्रिंग बसली असेल तर काही मिस्त्री तिच्यावर जाड वायसर टाकतात. गाडी पुढून उंच होते, मालक खूश होतो. स्प्रिंगची ताकद मात्र तेवढीच राहते. तिची लांबी नव्या स्प्रिंगशी मोजून बघणं हा सोपा मार्ग आहे, आणि प्रत्यक्षात डुबकी किती खोल जाते हे पाहायचं तर रॉडवर बॉटमच्या काठाला टेकून ग्रीसची पातळ रेघ काढा किंवा प्लास्टिकची पट्टी बांधा, आणि एक जोराचा ब्रेक मारून या. पट्टी किती वर सरकली तेवढी डुबकी. तळ गाठून आली तर स्प्रिंग दोषी. दोन बोटं जागा राहिली असेल तर शॉकपला सोडून द्या.

शेवटचा आक्षेप मिस्त्रींच्या बाजूने आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. "वीस-वीस वर्षं गाड्या खोलणाऱ्या माणसाला हाताने कळतं, त्याला ग्रीसची रेघ कशाला?" खरंय, चांगल्या मिस्त्रीला कळतं. पण मग तो शॉकपच का बदलतो? कारण आपण त्याला पैसे बदलण्याचे देतो, पाहण्याचे देत नाही. त्याने अर्धा तास खाली बसून, बोट लावून, कोनसेटचा नट पाव फेरा आवळून गाडी दिली आणि मजुरी सांगितली, तर मालक म्हणतो, "अहो, नट तर आवळला फक्त!" त्यानेच जुने शॉकप काढून कोपऱ्यात टाकले आणि नवे बसवले, तर तोच मालक खिशातून नोटा मोजून देतो आणि जुने शॉकप पिशवीत घालून घरी नेतो, दाखवायला. ज्या व्यवहारात निदानाला भाव नाही, तिथे औषधंच विकली जातात. हल्ली त्यात नवी भर पडलीय. जुनी बुलेट नटवून घेणाऱ्या मंडळींना जुन्या फोर्कवर नव्या गाडीची डिस्क हवी असते. ड्रमपुरता बनवलेला फोर्क, त्याला डिस्कचा जोर. मग पाय वळतो, गाडी ओढ घेते आणि पुन्हा सर्वानुमते ठरतं, शॉकप गेले. एवढी जुनी गाडी, चालायचंच, असंही लोक म्हणतात. चालेल हो, चालण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न थांबण्याचा आहे.

तेव्हा जुनी बुलेट, येझदी, राजदूत किंवा आरएक्स-१०० बाळगणाऱ्या सेलूकरांना विनंती आहे. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर जा, मागेपुढे कोणी नाही ना ते बघा, आणि तीसच्या वेगावरून पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत नीट दाबून बघा. गाडी काय सांगते ते ऐका: ठोका एकच पडतो की थरथर चालू राहते, ओढ कुठल्या बाजूला आहे, ब्रेक सोडल्यावर पुढचा भाग किती वेळात वर येतो. या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून मिस्त्रीकडे न्या. त्याला शॉकप बदलायला सांगू नका, "उस्ताद, आधी नुसतं बघा" म्हणा, आणि त्या बघण्याचे पैसे त्याने मागायच्या आत त्याच्या हातावर ठेवा.